रोझरीत बोलतो, वर्गात नाही

हे लिहायला मला बराच वेळ लागला. डाव्या हाताच्या एका बोटाने फोनवर टाइप केलं आहे, आणि माझी बायको लवीना हिने वाचून चुकलेले शब्द जागेवर बसवले आहेत. ज्यांच्या घरात कोणाची वाचा अचानक गेली आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. यात धीर देणारं थोडंच सापडेल. गोड करून सांगितलेलं मीही खूप वाचलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही.

माझं नाव रेमंड. वसईत पापडीच्या बाजूला आमचं गाव. वडील दुसऱ्याच्या वाडीत केळी सांभाळायचे, आय भाजीची टोपली घेऊन बाजारात बसायची. घरात कॉलेजात गेलेला पहिला मी. ज्या शाळेत शिकलो, त्याच शाळेत इंग्रजीचा शिक्षक झालो. त्या शाळेचे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि मी विसरू नये याची काळजी शाळेनेही घेतली.

तो तास

आठवीचा वर्ग होता. फळ्यावर थंडरस्टॉर्म, वॉटरमेलन, ग्रासहॉपर, हाउसकीपिंग असे लांब जोडशब्द लिहिले होते. हा माझा सगळ्यात आवडता पाठ. आपण मराठी माणसं शब्दातल्या सगळ्या अक्षरांना सारखाच जोर वाढतो, पंगतीत बसवल्यासारखं. इंग्रजीत तसं नसतं. तिथे एकाला पोटभर आणि बाकीच्यांना चमचाभर. हे मला बी.एड.ला गेल्यावर समजलं, तेही एका जुन्या शब्दकोशात शब्दाच्या डोक्याशी जोर दाखवणाऱ्या बारीक रेघेमुळे. त्याआधी मी इंग्रजी बोललो की शहरातली मुलं हसायची आणि ती का हसतात हे मला कळायचं नाही. व्याकरण तर बरोबर असायचं.

आमच्या मुलांना ते वेळेवर कळावं म्हणून मी टाळ्यांनी शिकवायचो. 'थं'वर मोठी टाळी, 'डर'वर नुसतं बोट, 'स्टॉर्म'वर मध्यम टाळी. जोडशब्दात भार बहुधा पहिल्या भागावर येतो, एवढं एक धरून ठेवलं तरी बोलणं सुधारतं. सकाळी प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाल्यावर माइकवरून 'आजचा शब्द' सांगायची पद्धतही मीच सुरू केली होती. लांबसा शब्द घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवायच्या. पालक सांगायचे की मुलं घरी भाकरी थापतानाही टाळ्या वाजवतात.

त्या दिवशी मी 'वॉटरमेलन' म्हणायला गेलो आणि तोंडातून भलतंच काही बाहेर आलं. मुलं हसली. सर मुद्दाम करतायत असं त्यांना वाटलं. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. टाळीसाठी उजवा हात वर आलाच नाही. खडू पडला तो मला दिसला, पण हातातून सुटताना जाणवला नाही. पुढच्या बाकांवरचं हसू आधी थांबलं, मागच्यांचं नंतर.

मला स्टाफरूममध्ये नेऊन बसवलं. कोणी म्हणालं पित्त असेल, कोणी म्हणालं उपाशी आले असतील. लिंबूसरबत दिलं, ते शर्टावर सांडलं. आमचे पर्यवेक्षक डायस सर शेजारच्याच गावातले, माझ्याच चर्चमधले. ते म्हणाले, "पडू द्या जरा. दगदग झालीय. शाळा सुटली की मी सोडतो घरी."

अगदी मायेने म्हणाले. त्या मायेत जो वेळ गेला तो परत मिळाला नाही. लवीनाला फोन गेला तेव्हा दुपार टळली होती. तुमच्या समोर कोणाचं तोंड एका बाजूला ओघळलं, हात लुळा पडला, शब्द वाकडे येऊ लागले, तर सरबत देत बसू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. वाटेत कोणाचं मत विचारू नका.

हो ना

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. डॉक्टरांनी लवीनाला बाहेर बोलावून सांगितलं. काचेच्या दारातून मला तिचा चेहरा दिसत होता. ती मान हलवत होती, घरी शिवायला आलेल्या ब्लाउजचं माप लिहून घेताना हलवते तशी. मग आत येऊन तिने माझी चादर नीट केली. चादर नीटच होती.

मला सगळं समजत होतं, हे मी इथे ठळक लिहितो. लोक जे बोलत होते त्यातला शब्द न् शब्द समजत होता. बाहेर मात्र एकच शब्द यायचा. "हो ना."

"नाव काय तुमचं?"

"हो ना."

"दुखतंय का कुठे?"

"हो ना."

"छान. आज बरं वाटतंय?"

"हो ना."

सकाळी डॉक्टर फेरीला यायचे, मागे शिकाऊ मुलं. मी तेच म्हणायचो, त्यातला एखादा हसू दाबायचा. मला नाही म्हणायचं असायचं. मी मनात 'नाही' धरायचो, घट्ट, तोंडापर्यंत आणायचो, आणि ओठांवर येईपर्यंत त्याचं 'हो ना' झालेलं असायचं. असं होतं म्हणे. एखादा शब्द रुतून बसतो. कोणाला शिवी रुतते, कोणाला बायकोचं नाव. मला हा रुतला. आडवं पडून मी पुष्कळ विचार केला की हाच का. मग आठवलं, आयुष्यभर मी दुसरं म्हटलंच काय होतं. सर, रविवारी जादा तास घ्याल? हो ना. सर, निवडणुकीच्या कामाला तुमचं नाव देऊ? हो ना. सर, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन? हो ना.

शेजारच्या खाटेवर फुलपाड्याचे एक गृहस्थ होते, पाय मोडलेले. ते फोनवर सारखे बोलत. फोन ठेवला की माझ्याशी बोलत. "सर, तुमच्याशी बोलायला बरं वाटतं. घरी आमची मिसेस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते." त्या वॉर्डात मला खऱ्या अर्थाने हसवलं ते त्यांनीच.

नर्स पहाटे दाब बघायला यायची, नंतर पेज यायची, चमच्याने, घट्टसर. गिळायलाही शिकवलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, गळ्याला टॉवेल बांधलेला, आणि आय चमचा पुढे करतेय. आय म्हणायची, "रेमू, मना ओळखतोस ना रे?"

"हो ना."

तेवढं एक उत्तर खरं होतं.

फुलपाड्याचा जिना

घरी आल्यावर स्पीच थेरपी सुरू झाली. विरार पूर्वेला फुलपाड्यात, चपलांच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या वर मानसी मॅडमची खोली. मॅडम वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. लवीना मला मागून ढकलायची, मी कठडा धरून डावा पाय टाकायचो. खाली दुकानदार रोज विचारायचा, "सर, आज काय शिकलात?" चेष्टा नव्हती, पण मला ते लागायचं.

मॅडमनी टेबलावर चित्रं मांडली. पाणी, भात, आई, घर. मी मान फिरवली. कोपऱ्यात इंग्रजी वर्तमानपत्र पडलं होतं, त्यावर हात आपटला.

"सर, आधी घरातले शब्द येऊ देत," त्या म्हणाल्या. "तहान लागली तर काय न्यूजपेपर मागणार?"

मी पुन्हा आपटला. लवीना म्हणाली, "मॅडम, त्यांची नोकरी त्याच्यावर आहे. घरचे शब्द मी ओळखते हातवाऱ्यावरून. शाळेत कोण ओळखणार?"

मॅडमनी थोडं ऐकलं, थोडं नाही. अर्धा वेळ पाणी-भात, अर्धा वेळ माझे जोडशब्द. आणि त्यांची पद्धत बघून मला हसावं की रडावं कळेना, कारण ती माझीच पद्धत होती. शब्दाचे तुकडे करायचे आणि डाव्या हाताने टेबलावर ठोका देत एकेक तुकडा म्हणायचा. ब्लॅक. बोर्ड. वॉ. टर. मे. लन. मी मुलांना दिलेलं सगळं मला परत मिळत होतं, फक्त आता मी बाकावर होतो.

ब्लॅकबोर्ड आला त्या दिवशी लवीना माझ्या पुढे जिना उतरली. खाली दुकानदाराने विचारलं, तेव्हा म्हणाली, "आज ब्लॅकबोर्ड शिकले." आणि चपलांच्या खोक्यांकडे तोंड करून उभी राहिली.

तुकडे येऊ लागले, वजन मात्र येईना. प्रत्येक तुकडा सारखा, सपाट, एकाच उंचीवर. वॉ आणि टर आणि मे आणि लन, चौघांना सारखंच वाढलेलं. बी.एड.च्या आधीचा रेमंड परत आला होता. नाही, त्याच्याही मागचा, कारण त्याला निदान तुकडे जोडता यायचे. माझ्या दोन तुकड्यांमध्ये एक माणूस सहज चालत गेला असता.

"वजन शेवटी येतं," मॅडम म्हणाल्या. "कधी कधी येतही नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या दिवसांत मला खरं सांगणारं तेवढं एक माणूस भेटलं.

शेजारी आले

आमच्या गावात घरात कोणी आजारी असलं की शेजारी संध्याकाळी येऊन रोझरी म्हणतात. आधी सांगावं लागत नाही. चप्पल काढून येतात, आय चटई टाकते, मेणबत्ती लावते. एकजण प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतो, बाकीचे दुसरा भाग उत्तर म्हणून देतात, आणि हे माळेच्या मण्यांबरोबर चालत राहतं.

पहिल्याच संध्याकाळी मी खुर्चीत बसलो होतो. शेजारच्या मार्टिन काकांनी सुरुवात केली. त्यांचा भाग संपला, सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि त्यात माझाही आवाज होता. पूर्ण. सलग. एकही तुकडा न पडता. प्रत्येक शब्द जागेवर, लहानपणी म्हणायचो त्याच चालीत. खोलीतल्या बायका थांबल्या. आयच्या हातातली माळ खाली पडली. मार्टिन काकांनी पुढचा मणी घेतला, मी पुन्हा उत्तर दिलं. शेवटच्या विनवण्यांना तर मी सगळ्यांच्या पुढे होतो. "आमच्यासाठी विनंती कर", दर वेळी, खणखणीत.

संपल्यावर मार्टिन काका माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय रे, मास्तर. देवाशी बोलतो आणि आमच्याशी भाव खातो?"

"हो ना," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडातून काहीतरी वाहिलं होतं. ती संध्याकाळ माझ्या आजारपणातली सगळ्यात सुखाची.

दुसऱ्या दिवशी मॅडमना लवीनाने आनंदाने सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लहानपणापासून पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. प्रार्थना, पाढे, वारांची नावं. ते बोलणं नाही, गाडी उतारावरून सुटते तसं आहे. सर ठरवून एक वाक्य म्हणतील, ते बोलणं." मग म्हणाल्या, "घरी लोकांना समजावून सांगा. गैरसमज होतो यावरून."

कोणाला सांगणार? आयला सांगितलं तर ती म्हणाली, "डाक्टरना देवाचं काय कळतं."

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी डायस सर आले. शाळेच्या वतीने सफरचंदं घेऊन. मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, डोळे मिटून. मी उत्तरं देत होतो. मध्येच मी वळून बघितलं तर त्यांचे डोळे उघडे होते.

तोंड बंद

माझी आजारपणाची रजा वाढवून मिळायची होती. लवीना मुख्याध्यापकांकडे गेली, कागद घेऊन. ती परत आली ती थेट शिवणयंत्रावर बसली आणि कोणाचा तरी ब्लाउज उसवू लागली. उसवता उसवताच बोलली.

"म्हणाले, मिसेस, तुमचा मान आहे आम्हाला. पण सर घरी तासभर मोठ्याने प्रार्थना म्हणतात, डायस सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मग वर्गात यायला काय अडतं? मुलांचं नुकसान होतंय."

"मी सांगितलं, ते पाठ असलेलं आहे. म्हणाले, सरांना इंग्रजीही पाठच आहे की."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. काय आलं ते सांगायला नको.

"आणि शेवटी म्हणाले, या शाळेने त्यांना काय काय दिलं ते सरांना माहीत आहे, शाळेला फसवणार नाहीत ते." लवीना दात ओठ खात दोरा ओढत होती. "फसवणार. तुम्ही."

त्या संध्याकाळी शेजारी दारात आले तेव्हा तिने उंबऱ्यातच सांगितलं की सर झोपलेत. मी समोरच बसलेलो दिसत होतो. मार्टिन काकांनी माझ्याकडे बघितलं, चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि सगळ्यांना घेऊन गेले.

आय चिडली. "देवाची मानसं दारातून परत धाडली तू?"

"आई, यांची नोकरी जाईल."

"नोकरी कोनी दिली? त्यानंच दिली ना?"

"त्यानं दिली, आणि त्याच्या प्रार्थनेमुळे जातेय, मी काय करू?" लवीना ओरडली नाही. तिचा आवाज खालीच होता आणि त्यामुळे जास्त वाईट वाटत होतं. त्यानंतर बरेच दिवस त्या दोघी माझ्यामार्फत बोलत राहिल्या. ज्याला बोलता येत नाही त्याच्यामार्फत. "रेमू, तिला सांग, तांदूळ संपलेत." "ऐकलंत का, आईंना सांगा, आणलेत."

शेवटी तोड निघाली ती अशी. शेजाऱ्यांना यायला मनाई नको, पण मी उत्तर द्यायचं नाही. मी खुर्चीत बसायचं, ओठ मिटून.

हे किती अवघड आहे ते कसं सांगू. पहिला भाग कानावर पडला की दुसरा आपोआप वर यायचा, उचकीसारखा. मी जीभ दातांखाली धरायचो. दिवसभर ज्या तोंडाने एक तुकडा काढायला घाम फुटायचा, त्याच तोंडाला संध्याकाळी आवरून धरायचं. मला खरंच आजार होता, आणि तो खरा वाटावा म्हणून मी आजाराचं सोंग करत होतो. खोलीतल्या लोकांना वाटलं मी पुन्हा बिघडलो. आयने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी ऐकलं, ती भिंतीशी बोलत होती, "पोराचा देव पन गेला."

तिला खरं सांगायला माझ्याकडे वाक्य नव्हतं.

एक तास घेऊन दाखवा

रजा थोडी वाढली, मग निरोप आला. सरांनी एक तास घेऊन दाखवावा. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर बसून मार्ग काढू.

मी जोडशब्दांचाच पाठ निवडला. मानसी मॅडमनी माझ्याबरोबर तो इतका घोकला की त्याच म्हणाल्या, "आता मलाच झोपेत ग्रासहॉपर दिसतात." काही वाक्यं मी पाठच केली. त्यांचाच सल्ला होता. उतारावरून गाडी सुटू द्यायची.

माझा तोच वर्ग आता नववीत होता. मागच्या बाकावर मुख्याध्यापक आणि डायस सर. मुलं उभी राहिली, "गुड मॉर्निंग सर" म्हणाली, आणि बसली. टाळी वाजवायला मला दोन हात नव्हते, म्हणून मी टेबलावर डाव्या हाताने ठोका दिला. मोठा. छोटा. मध्यम.

"थं. डर. स्टॉर्म."

हातात वजन होतं, तोंडात नव्हतं. मुलांनी माझ्या तोंडाकडे दुर्लक्ष केलं आणि हाताकडे बघितलं. बरोबर म्हणाली, सगळी, 'थं'वर जोर देऊन. वर्षभरापूर्वीचं त्यांच्या लक्षात होतं. पुढचा शब्द, पुढचा. मला वाटलं जमतंय. आपण हाताने शिकवू शकतो, मग तोंड सपाट असलं म्हणून काय झालं?

मग एका मुलीने हात वर केला. चांगली मुलगी, मनापासून विचारणारी. "सर, सगळ्या जोडशब्दांत पहिल्याच भागावर का? काही शब्दांत नाही ना?"

उत्तर मला माहीत होतं, उदाहरणांसकट. ते माझ्या डोक्यात उभं होतं, नीट इस्त्री केलेलं. पण ते पाठ केलेल्यात नव्हतं. मी तोंड उघडलं. मुलं थांबली. मी पुन्हा उघडलं. आधी एकदा या मुलांनी मला हसून घेतलं होतं. या वेळी एकही हसलं नाही. त्यांनी वह्यांकडे बघितलं. मला त्या हसण्याची आठवण झाली आणि ते परत हवंसं वाटलं.

"हो ना," मी म्हणालो.

"थँक यू सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

केबिनमध्ये

मुख्याध्यापकांनी चहा मागवला. लवीनाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, "आम्ही सर-सर बोलतो जरा."

"सर, तुमची जिद्द बघून भरून आलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच ओले होते. "पण दहावीचा निकाल आहे, पालक आहेत. तुम्हाला समजतंय. एक नवीन मॅडम आहेत, तरुण आहेत, त्या इंग्रजी घेतील. तुम्ही लायब्ररी बघा. कोणी तुम्हाला काढत नाहीये."

डायस सर पुढे सरकले. त्यांना काहीतरी चांगलं सुचलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "आणि सर, सकाळची प्रार्थना तुम्ही घ्या. माइकवर. ती तुम्ही काय म्हणता, वा. मी तुमच्या घरी ऐकली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. मुलांनाही बघून प्रेरणा मिळेल."

मला ठाम माहीत होतं मला काय म्हणायचं आहे. शिकवणं जाणार असेल तर जाऊ दे, पण मला माइकवर उभं करून बघा-सर-कसे-बोलतात असं दाखवू नका. एवढं लांब नकोच. एक शब्द पुरला असता. मी तो धरला, दोन्ही ओठ त्याच्यासाठी तयार केले. मानसी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मांडीवर डाव्या हाताने ठोका दिला. ना. ही.

"हो ना."

"बघा," डायस सर मुख्याध्यापकांना म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? सर तयार आहेत."

मी मान जोरात हलवली. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

लवीना दुसऱ्या दिवशी भांडायला गेली. तिला सांगण्यात आलं की सर स्वतःच्या तोंडाने हो म्हणाले, दोघांसमोर. तोवर नव्या मॅडमचं वेळापत्रक लागलं होतं.

माइक

आता घरी रोझरीला मी मोठ्याने उत्तर देतो. आवरायचं कारण उरलं नाही. आयला वाटतं देव परत आला. लवीना आणि ती पुन्हा एकमेकींशी सरळ बोलतात, भांडतातही सरळ. मार्टिन काका म्हणाले, "मास्तर, आमच्यात आलास बघ. आम्हाला पण प्रार्थनेपलीकडे काही येत नाही." काकांचं मी मनाला लावून घेत नाही.

मानसी मॅडमकडे अजून जातो. आता मी पाणी मागतो, भात नको म्हणतो. हो, 'नको' आला, 'नाही'च्या आधी आला. तुमच्या माणसाचा एखादा शब्द रुतला असेल तर त्याच्या 'हो'वर विसंबू नका. बोट दाखवायला सांगा, दोनदा विचारा, घरातलं कोणी जवळ ठेवा. केबिनच्या बाहेर बाकावर बसवू देऊ नका.

सकाळी मी माइकसमोर उभा राहतो. प्रार्थना म्हणतो, प्रतिज्ञा म्हणतो. दोन्ही सलग येतात. मैदानाच्या कडेला पालक थांबतात, एखादी आई डोळे पुसते. मग मी बाजूला होतो आणि नव्या मॅडम पुढे येऊन 'आजचा शब्द' सांगतात. मॅडम मेहनती आहेत. त्यांच्याही घरात त्याच पहिल्या पदवीधर, असं त्यांनी मला सांगितलं. आदराने बोलतात.

परवा त्यांचा शब्द होता हाउसकीपिंग. त्यांनी तुकडे बरोबर पाडले आणि भार 'की'वर दिला. मैदानभर मुलांनी 'की'वर मोठी टाळी वाजवली. माझी नववीची मुलं रांगेत होती, त्यांनीही वाजवली, जराशी अडखळून.

मी मॅडमकडे वळलो. त्यांनी ओळखलं की मला काही सांगायचं आहे. माइकवर हात ठेवला, माझ्याकडे झुकल्या आणि थांबल्या. चांगल्या माणसासारख्या थांबल्या. मी मांडीवर ठोका दिला. मुलं बघत होती. मी पुन्हा ठोका दिला. मॅडमनी मान हलवली, सावकाश सांगा, म्हणून. घंटा झाली. त्या "नंतर बोलू हं सर" म्हणाल्या आणि रांगांबरोबर गेल्या.

मैदान रिकामं झालं. तेव्हा शब्द आला, हाउसकीपिंग. अख्खा, एकाच श्वासात, आणि भार जिथे पडायला हवा तिथेच, पहिल्या अक्षरावर, पोटभर. शिपाई माइकची वायर कोपराभोवती गुंडाळत होता. त्याने वर बघितलं.

"काय सर? काही पाहिजे का?"

"नको," मी म्हणालो.